एका ट्रान्झिस्टरसाठी अख्खा सुपरकॉम्प्युटर: चिप बनण्याआधी इलेक्ट्रॉनची रंगीत तालीम घेणारं सॉफ्टवेअर कुणाच्या हातात आहे?

मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची पत्रं तीन कंपन्यांकडे पोहोचली. सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्सचा ईडीए विभाग. चिपचं डिझाइन करायला जे सॉफ्टवेअर लागतं, त्याचा जगातला बहुतांश बाजार या तिघांकडे आहे. पत्राचा मथितार्थ एवढाच होता: चीनमध्ये हे सॉफ्टवेअर विकायचं असेल तर आधी आमचा परवाना घ्या.

सिनॉप्सिसने चीनमधली विक्री थांबवली. वर्षभराच्या कमाईचा जाहीर केलेला अंदाजही स्थगित केला. मग दोन्ही सरकारांमध्ये बोलणी झाली, 'रेअर अर्थ' खनिजांवरून देवाणघेवाण झाली आणि जुलैच्या सुरुवातीला निर्बंध उठले. जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा खेळ. पण सॉफ्टवेअरचं लायसन्स बंद करून एखाद्या देशाच्या कारखान्यांना अडवता येतं, हे तेवढ्यात सगळ्यांनी पाहून घेतलं.

पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, आणखी एक बातमी आली. ती व्हॉट्सअ‍ॅपवर अजिबात फिरली नाही. स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिक विद्यापीठाच्या गटाने 'क्वाट्रेक्स' नावाचं सॉफ्टवेअर मांडलं. ४२,२४० अणूंच्या ट्रान्झिस्टरमधून वीज कशी वाहील याचा हिशेब त्यांनी अमेरिकेतल्या ओक रिज इथल्या फ्रंटियर या सुपरकॉम्प्युटरवर केला. वेग होता सेकंदाला १.१५ एक्साफ्लॉप. म्हणजे एकावर अठरा शून्यं, इतकी आकडेमोड दर सेकंदाला.

आयफोन १५ प्रोमधल्या ए१७ प्रो चिपवर १,९०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. त्यातल्यासारख्या एकाच ट्रान्झिस्टरचा नीट हिशेब करायला जगातल्या सर्वात ताकदवान यंत्रांपैकी एक कामाला लावावं लागलं. हे का लागतं, ते कुणाकडे आहे आणि आपण त्यात कुठे बसतो, हे समजून घेऊया.

'२ नॅनोमीटर' नेमकं काय असतं?

आधी एक गैरसमज काढून टाकू. '२ नॅनोमीटर चिप' असं जाहिरातीत लिहिलेलं असतं, त्यात २ नॅनोमीटरचं असं काहीच नसतं. पूर्वी हा आकडा ट्रान्झिस्टरच्या खऱ्या मापाशी जुळायचा. आता ते फक्त पिढीचं नाव उरलंय. या क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय आराखड्यात 'दोन नॅनोमीटर' पिढीसाठी दोन शेजारच्या गेटमधलं अंतर सुमारे ४५ नॅनोमीटर आणि तारांमधलं सर्वात कमी अंतर सुमारे २० नॅनोमीटर असं धरलेलं आहे.

मग खरोखर बारीक काय असतं? तर जिच्यातून वीज वाहते ती सिलिकॉनची पट्टी. सॅमसंगने २०२२ मध्ये आणि टीएसएमसीने २०२५ च्या अखेरीस ज्या रचनेचं उत्पादन सुरू केलं, तिच्यात सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात आणि गेट त्यांना चारही बाजूंनी वेढतं. या पट्ट्यांची जाडी ढोबळमानाने ५ नॅनोमीटर धरा. सिलिकॉनच्या अणूंचे थर मोजले तर ३५ ते ४० भरतील. मोजता येतील इतके!

आणि इथेच जुनं गणित डगमगायला लागतं.

पाटाचं पाणी आणि घाटातला बोगदा

शाळेत आपण वीज शिकलो ती पाण्यासारखी. दाब वाढवला की प्रवाह वाढतो, पाट अरुंद केला की कमी होतो. चिप उद्योगाने अनेक दशकं याच कल्पनेवर काढली. कोट्यवधी इलेक्ट्रॉन एकमेकांवर, अणूंवर आपटत पुढे सरकतात, त्यांची सरासरी काढली की काम भागतं. त्यासाठीची सॉफ्टवेअर साध्या कॉम्प्युटरवरही चालतात आणि जुन्या पिढीच्या चिपसाठी आजही उत्तम आहेत.

पण पट्टी ४० थरांवर आली की इलेक्ट्रॉनचा लहरी स्वभाव लपत नाही. लहरी म्हणजे चंचल नव्हे, लाटेसारखा. (चंचलही म्हणायला हरकत नाही म्हणा.) लाट अरुंद जागेत कोंडली की तिला ठरावीक आकारच घेता येतात, सतारीच्या तारेतून ठरावीक सूरच निघावेत तसे. त्यामुळे इलेक्ट्रॉनची ऊर्जा बदलते आणि ट्रान्झिस्टर कोणत्या व्होल्टेजला चालू होणार तेही बदलतं.

दुसरी भानगड टनेलिंगची. ट्रान्झिस्टर बंद असतो तेव्हा इलेक्ट्रॉनच्या वाटेत ऊर्जेचा एक घाट उभा केलेला असतो. घाट चढायची ताकद नाही म्हणजे इलेक्ट्रॉन अलीकडेच थांबायला हवा. पण घाट फार पातळ झाला तर लाटेचा थोडा भाग पलीकडे उमटतो. इलेक्ट्रॉन कसारा घाट न चढता थेट इगतपुरीला दिसतो, तेही बोगदा नसताना. एका ट्रान्झिस्टरमध्ये हे किरकोळ आहे. १,९०० कोटींमध्ये ही गळती झाली तर फोन खिशात नुसता ठेवलेला असतानाही बॅटरी उतरते.

तिसरी गोष्ट मला सर्वात गमतीची वाटते. तार पुरेशी अरुंद आणि आखूड असेल तर तिच्यातून जाणारा इलेक्ट्रॉन वाटेत कुणाला आपटतच नाही. मग विरोध शून्य व्हायला हवा ना? होत नाही. गर्दीच्या वेळचा दादर स्टेशनचा पूल आठवा. पूल मोकळा असला तरी प्लॅटफॉर्मवरच्या लोंढ्याला पुलावर चढताना रांगेत यावं लागतं. पुलावर एका वेळी किती रांगा मावतात त्यावर सगळं ठरतं. इलेक्ट्रॉनचंही तसंच. प्रत्येक रांगेचा विरोध निसर्गाने ठरवून दिलेला आहे, सुमारे १२.९ किलोओहम. तार रुंद करत गेलं की वाहकता हळूहळू वाढत नाही, पायऱ्या चढल्यासारखी वाढते: एक रांग, दोन रांगा, तीन रांगा.

आयबीएमच्या रॉल्फ लँडाउअर यांनी या विचाराचा पाया १९५७ मध्ये घातला होता. पायऱ्या प्रत्यक्ष दिसल्या १९८८ मध्ये, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या आणि इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या गटांना, एकाच वर्षी. हा १२.९ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्यावरून मोठा वाद झालाय.

हे सॉफ्टवेअर करतं काय?

या हिशेबाची जी पद्धत आज सर्वात जास्त वापरली जाते तिचं नाव भारदस्त आहे: नॉन-इक्विलिब्रियम ग्रीन्स फंक्शन, थोडक्यात एनईजीएफ. यातला ग्रीन म्हणजे जॉर्ज ग्रीन, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. वडिलांची पिठाची गिरणी होती, शाळा जेमतेम वर्षभराची. त्याने १८२८ मध्ये स्वतःच्या हिमतीवर छापलेल्या निबंधातलं गणित आज चिपच्या कामाला येतंय.

मुख्य अडचण अशी. बंद खोलीतली माणसं मोजणं सोपं असतं. पण खोलीला दोन दारं असतील, एकातून लोक सतत आत येत असतील, दुसऱ्यातून बाहेर जात असतील, तर 'आत किती जण आहेत' याचं उत्तर दारांबाहेरच्या गर्दीवरही अवलंबून असतं. ट्रान्झिस्टर ही अशी दोन दारांची खोली आहे. बाहेरच्या तारांमधले अगणित अणू हिशेबात धरणं अशक्य. एनईजीएफची करामत ही की बाहेरच्या सगळ्या जगाचा परिणाम ती दारापाशीच एका दुरुस्तीत गुंडाळून टाकते. मग आतल्या अणूंपुरतंच गणित सोडवायचं उरतं.

ते 'पुरतंच'सुद्धा अवाढव्य असतं. आधी अणूंची जागा आणि त्यांचे एकमेकांशी असलेले बंध एका प्रचंड मॅट्रिक्समध्ये लिहायचे. मग इलेक्ट्रॉनच्या एकेका ऊर्जेसाठी तो मॅट्रिक्स उलटा करायचा. अशा शेकडो-हजारो ऊर्जा. त्यातून इलेक्ट्रॉन कुठे किती आहेत ते कळतं. पण इलेक्ट्रॉनवर विद्युतभार असतो, म्हणजे ते जिथे आहेत तिथलं व्होल्टेज त्यांच्यामुळेच बदलतं, आणि व्होल्टेज बदललं की इलेक्ट्रॉन पुन्हा हलतात. आधी कोंबडी की आधी अंडं! म्हणून दोन्ही गणितं आळीपाळीने सोडवत राहायचं, उत्तर स्थिर होईपर्यंत. मॅट्रिक्सचा आकार दुप्पट झाला तर साधारण आठपट काम वाढतं, हे लक्षात घेतलं की सुपरकॉम्प्युटर का लागतो ते कळेल.

ही पद्धत भौतिकशास्त्रज्ञांच्या वहीतून इंजिनिअरच्या टेबलावर आणण्यात सुप्रियो दत्ता यांचा मोठा वाटा आहे. आयआयटी खरगपूरमधून बीटेक, मग अमेरिका, १९८१ पासून पर्ड्यू विद्यापीठ. ट्रान्झिस्टर शिकवायचा तर मोठ्या तुकड्यापासून खाली येऊ नका, एका अणूपासून वर या, हा त्यांचा आग्रह. त्याच पर्ड्यूमधून २००२ पासून चालणाऱ्या नॅनोहब या संकेतस्थळावर अशी सिम्युलेशन्स ब्राउझरमध्येच करता येतात, घरी सुपरकॉम्प्युटर नसला तरी. आपल्याकडे आयआयटी मुंबईत याच विषयावर गट चालवणारे भास्करन मुरलीधरन हे दत्तांचेच पीएचडीचे विद्यार्थी.

उत्तर शंभरपट चुकलं तेव्हा

२००० सालची गोष्ट. त्याआधी तीन वर्षं एका प्रयोगात सोन्याच्या दोन टोकांमध्ये बेंझीनच्या जातीचा एकच रेणू अडकवून त्यातला प्रवाह मोजल्याचं प्रसिद्ध झालं होतं. सिद्धांत मांडणाऱ्यांनी तोच प्रवाह अणूंच्या पातळीवरून काढला. आलेखाचा आकार छान जुळला. आकडा मात्र शंभरपटीहून जास्त चुकला.

कारणं दोन्ही बाजूंना होती. रेणू सोन्याला नेमका कसा चिकटलाय हे प्रयोगात दिसत नाही. आणि हिशेबाच्या बाजूला एक मुरलेलं दुखणं होतं, जे आजही आहे. अणूंचे बंध काढायला डीएफटी नावाची जी लोकप्रिय पद्धत वापरतात, ती इलेक्ट्रॉनचं एकमेकांना ढकलणं सरासरीवर भागवते. त्यामुळे पदार्थातला 'बँड गॅप' खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणजे घाटच ठेंगणा दाखवला जातो. घाट ठेंगणा तर गळती जास्त. ज्या गळतीचा अंदाज घ्यायला सॉफ्टवेअर लिहिलं, तिथेच ते हमखास गोंधळतं.

क्वाट्रेक्सची बातमी इथे येऊन महत्त्वाची ठरते. इलेक्ट्रॉन एकमेकांवर जो परिणाम करतात तो जास्त प्रामाणिकपणे धरणारी 'जीडब्ल्यू' नावाची पद्धत जुनीच आहे, पण खर्चिक. ट्रान्झिस्टरच्या खऱ्या मापाला ती लावणं परवडत नव्हतं. ईटीएचच्याच गटाने २०१९ मध्ये सुमारे १०,००० अणूंच्या तुकड्यात ट्रान्झिस्टर कसा तापतो याचा हिशेब केला होता आणि सुपरकॉम्प्युटिंगमधलं मानाचं गॉर्डन बेल पारितोषिक मिळवलं होतं. तेव्हाचा वेग होता ८५ पेटाफ्लॉप. २०२५ मध्ये जीडब्ल्यूसह ४२,२४० अणू आणि १.१५ एक्साफ्लॉप, म्हणजे १,१५० पेटाफ्लॉप. त्या वर्षीही ते अंतिम फेरीत होते. पारितोषिक मात्र त्सुनामीचा इशारा देणाऱ्या कामाला गेलं, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसावी.

कारखान्यांना याचा उपयोग काय? आधुनिक कारखान्यात एक वेफर शेकडो पायऱ्यांमधून जाऊन बाहेर यायला महिने लागतात. पट्टी ५ ऐवजी ४ नॅनोमीटरची केली तर काय होईल, हे प्रत्यक्ष करून बघायचं म्हणजे तेवढे महिने आणि कोट्यवधी रुपये. कॉम्प्युटरवर ते आधी बघता आलं तर दहापैकी आठ वाटा बंद आहेत हे फुकटात कळतं. जो आधी तालीम करतो तो दोन पावलं पुढे असतो.

सॉफ्टवेअर म्हणालं म्हणून खरं?

आता त्या १२.९ किलोओहमकडे परत येऊ.

नेदरलँड्समधल्या एका गटाने २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध प्रसिद्ध केला. अतिशय बारीक तारेत मायोराना नावाची चमत्कारिक अवस्था सापडल्याची खूण मिळाली, असा दावा होता. ही अवस्था मिळाली तर सहजासहजी न चुकणारा क्वांटम कॉम्प्युटर बनवता येईल म्हणून मायक्रोसॉफ्टने या संशोधनात मोठी गुंतवणूक केली होती. खूण काय, तर वाहकता एका ठरावीक आकड्यावर येऊन सपाट होणं. तो आकडा म्हणजे आपली दादरच्या पुलावरची एक रांग.

सर्गेई फ्रोलोव्ह आणि व्हिन्सेंट मुरिक या दोन शास्त्रज्ञांनी मूळ मोजमापं मागवली. छापलेल्या आलेखांपेक्षा सगळ्या नोंदी एकत्र पाहिल्या तर चित्र वेगळं दिसत होतं. मार्च २०२१ मध्ये निबंध मागे घेण्यात आला.

याच सुमारास मेरीलँड विद्यापीठातल्या शंकर दास सरमा यांच्या गटाने सिम्युलेशनने दाखवलं की तारेत साधी अशुद्धता असली तरी हुबेहूब तसाच आलेख येऊ शकतो, मायोराना असो वा नसो. म्हणजे प्रयोगाचा आलेख आणि सिद्धांताचा आलेख जुळणं पुरेसं नाही. दुसऱ्या कुठल्या कारणाने तोच आलेख येतो का, हेही विचारावं लागतं, आणि ते विचारायला सॉफ्टवेअरइतकं स्वस्त साधन नाही.

उलट बाजूही आहे. मायक्रोसॉफ्टच्या गटाने नंतर मायोराना ओळखण्यासाठी एक चाचणी ठरवली आणि २०२३ मध्ये सांगितलं की तिच्यात खोटा होकार मिळण्याची शक्यता ८ टक्क्यांहून कमी आहे. हे ८ टक्के आले कुठून? सिम्युलेशनमधून. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने 'मायोराना १' चिपची घोषणा केली. तेव्हा स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या हेन्री लेग यांनी या चाचणीवरच बोट ठेवलं: मोजमापाची व्याप्ती थोडी बदलली तर निकाल बदलतो. कंपनीला हा आक्षेप मान्य नाही. पण 'नेचर'ने त्या निबंधासोबत जी टिपणी ठेवली, तीत हे निष्कर्ष मायोरानाचा पुरावा ठरत नाहीत असं स्पष्ट म्हटलंय.

या क्षेत्रात 'क्वांट' नावाचं सॉफ्टवेअर सर्रास वापरलं जातं. डेल्फ्ट आणि फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी ते २०१४ मध्ये मांडलं. मोफत आहे, पायथॉनमध्ये आहे, कोड उघडा आहे. मोठ्या कंपनीने दाखवलेला आलेख एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या लॅपटॉपवर तपासून बघता येतो तो अशा सॉफ्टवेअरमुळे.

मग कुलूप कशाला आहे?

गणित खुलं आहे. दत्तांची पुस्तकं आहेत, क्वांट आहे, अणूंच्या पातळीवरचा हिशेब करणारं सिएस्टा आहे. तरी अमेरिकेला निर्यातबंदीचं हत्यार उपसता येतं, ते का?

एका सॉफ्टवेअरचा प्रवास बघा. २००२ मध्ये डेन्मार्क आणि स्पेनच्या संशोधकांनी सिएस्टावर आधारित ट्रान्ससिएस्टा मांडलं. त्या कामातून कोपनहेगनमध्ये एक कंपनी उभी राहिली, पुढे तिची क्वांटमवाइज झाली. २०१७ मध्ये सिनॉप्सिसने क्वांटमवाइज विकत घेतली. आज क्वांटमएटीके हे सिनॉप्सिसचं उत्पादन आहे. मूळ सिएस्टा अजूनही मोफत आहे, कुणीही उतरवून घ्यावं.

फरक पडतो तो मूळ गणिताभोवती जे जमा होतं त्याने. कारखान्यातल्या खऱ्या मोजमापांशी वर्षानुवर्षं ताडून पाहिलेले आकडे, पदार्थांची तयार माहिती, आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे पुढची साखळी. अणूंच्या हिशेबातून जे कळतं ते वरच्या पातळीच्या सॉफ्टवेअरला द्यायचं, तिथून ट्रान्झिस्टरचं सुटसुटीत सूत्र बनवायचं, आणि ते सूत्र वापरून डिझायनर कोट्यवधी ट्रान्झिस्टरचं सर्किट जोडणार. या साखळीतल्या बहुतेक कड्या एकाच दुकानात मिळतात, म्हणून दुकानदाराच्या हातात किल्ली असते.

ही किल्ली २०२५ मध्ये पहिल्यांदा फिरली असंही नाही. ऑगस्ट २०२२ मध्येच अमेरिकेने गेट चारही बाजूंनी वेढणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या चिप डिझाइनसाठीचं सॉफ्टवेअर निर्यात नियंत्रणाच्या यादीत टाकलं होतं. म्हणजे नेमकी ती रचना, जिचे अणू झुरिकमध्ये मोजले जातायत.

भारताला आज याची गरज आहे का?

खरं उत्तर: धोलेरातल्या कारखान्याला तरी नाही. टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा ९१,००० कोटींचा तो प्रकल्प २८ ते ११० नॅनोमीटरच्या चिपसाठी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांना भेट दिलेला 'विक्रम ३२०१' हा प्रोसेसर मोहालीत १८० नॅनोमीटरवर बनला. या मापाला पाटाच्या पाण्याचं जुनं गणित, थोड्या दुरुस्त्या करून, आरामात पुरतं. 'भारतात क्वांटम सिम्युलेशनशिवाय चिप बनणारच नाही' असं कुणी यूट्यूबवर सांगत असेल तर पुढच्या व्हिडिओकडे वळा.

पण डिझाइनचं चित्र वेगळं आहे. मे २०२५ मध्ये नोएडा आणि बंगळुरूत रेनेसास कंपनीच्या ३ नॅनोमीटर डिझाइन केंद्रांचं उद्घाटन झालं. सरकारच्या 'चिप्स टू स्टार्टअप' योजनेतून बंगळुरूच्या सी-डॅकमधल्या चिपइन केंद्रामार्फत देशभरातल्या कॉलेजांना डिझाइनची सॉफ्टवेअर मिळतात. योजना चांगलीच आहे. जे लायसन्स एका कॉलेजला परवडलंच नसतं ते विद्यार्थ्यांच्या हातात येतंय. पण सॉफ्टवेअर कुणाची? प्रामुख्याने त्याच तीन कंपन्यांची. आज भारताशी अमेरिकेचं भांडण नाही म्हणून पत्र आलेलं नाही, एवढंच.

साखळीतली एक कडी आपल्याकडे पक्की आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. ट्रान्झिस्टरचं ते सुटसुटीत सूत्र बनवण्याचं काम. आयआयटी कानपूरच्या योगेश चौहान यांच्या गटाचा सहभाग असलेलं गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टरचं एक सूत्र २०१८ मध्ये जगभरच्या उद्योगाचं प्रमाण म्हणून स्वीकारलं गेलं. कारखाना नसताना हे जमलं, कारण त्याला अब्जावधीची यंत्रं लागत नाहीत, माणसं लागतात.

ताकदीच्या यंत्रांचं मात्र कोडं आहे. परम मालिकेचं गाव पुणं. पहिला परम ८००० सी-डॅकने १९९१ मध्ये तिथेच बनवला, तोही अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर नाकारल्यानंतर. आज पुण्यातल्या आयआयटीएममध्ये 'अर्का' आहे, ११.७७ पेटाफ्लॉपचा, पण तो पाऊस मोजतो आणि मोजायलाच हवा. सी-डॅकचं 'ऐरावत' जून २०२३ च्या जागतिक यादीत ७५ वं आलं, त्याचा मोजलेला वेग सुमारे साडेआठ पेटाफ्लॉप. क्वाट्रेक्सच्या त्या एका हिशेबाने याच्या शंभरपटीहून अधिक वेग वापरला.

म्हणून ४२,२४० अणूंच्या शर्यतीत उतरायचा हट्ट मला फारसा पटत नाही. त्याआधी एक जवळची संधी आहे. सिलिकॉनच्या पुढे जाऊन मोजक्याच अणूंच्या जाडीच्या पदार्थांची चिप बनवता येईल का, यावर जगभर काम चाललंय. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे त्यातलं गाजलेलं नाव. हे पदार्थ इतके पातळ की हिशेबातले अणू कमी पडतात आणि मध्यम ताकदीच्या कॉम्प्युटरवरही अर्थपूर्ण काम होतं. शिवाय इथे अजून कुठल्याच कंपनीकडे वीस वर्षांची मोजमापं साठलेली नाहीत. सगळेच शिकतायत.

बंगळुरूच्या आयआयएससीमधल्या ३० शास्त्रज्ञांच्या गटाने नेमक्या याच पदार्थांवर चिप बनवण्याचा प्रस्ताव केंद्र सरकारला दिला आहे. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या बातम्यांनुसार अहवाल पहिल्यांदा एप्रिल २०२२ मध्ये दिला गेला, सुधारून पुन्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये. मागणी आहे पाच वर्षांसाठी ५०० कोटींची. धोलेराच्या एका कारखान्याच्या खर्चाशी तुलना केली तर शेकड्याला साठ पैसेही होत नाहीत.